पाण्याखालचा वाटा

कागदांवर हळदकुंकू होतं. अंबाजीने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, तरी होतंच. निळसर रंगाचे लांबट कागद, वर वीजकंपनीचं इंग्रजी नाव, खाली सेक्रेटरीची छापील सही, आणि रक्कम टाइप केली होती तिच्या अगदी शेजारी बोटाने लावलेला हळदीचा आणि कुंकवाचा ठिपका. एकावर तांदळाचा दाणा चिकटून वाळला होता. सरूबाई, त्याची धाकटी बहीण, समोर जमिनीवर बसली होती. सकाळच्या गाडीने ती कामशेतहून आली होती. टाकव्यापासून कामशेतपर्यंत चालल्याची धूळ अजून तिच्या पायांवर होती. लाल खणात बांधलेला गठ्ठा तिने सोडला होता आणि आता ती भावाच्या तोंडाकडे पाहत होती, वैद्य नाडी बघत असताना माणूस पाहतो तशी. भांगरवाडीतल्या त्या एका खोलीत पुस्तकांच्या दोन फडताळांमध्ये बसायला जेमतेम जागा होती. "सरू, हे डिव्हिडंडचे कागद आहेत," तो म्हणाला. "कंपनीच्या नफ्यातला तुझा वाटा. हे बँकेत द्यायचे आणि पैसे घ्यायचे. एकही वटवला नाहीस?" "न्हाई. दर साली टपालवाला आनून देतो, मी देवाम्होरं ठेवती." "पण का?" तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "का म्हंजे? त्या टायमाला कचेरीतला कारकून काय बोलला व्हता? पैसं घेतलं, अंगठा दिला, आता तुमचा जमिनीशी संबंद न्हाई. येकदा घेतलं तर शेत गेलं. पुन्यांदा घ्यायला मी काय खुळी हाय? घेतलं न्हाई म्हून तर हे दर साली येतंय. माजं तितं काय हाय म्हून तर येतंय."

अंबाजी कागद चाळत राहिला. वर्षं पुढे सरकत होती, कुंकवाचा रंग ताजा होत होता, आणि रक्कम, काही मंदीची वर्षं सोडली तर, थोडी थोडी वाढत होती.  एकवीस साली त्याने सरूला या कंपनीचे शेअर घ्यायला सांगितलं होतं, आणि तो सल्ला बरोबर होता. आयुष्यात त्याने एकाच माणसाला एकदाच सल्ला दिला होता आणि तो बरोबर निघाला होता, आणि ही गोष्ट त्याला आज कळत होती, एकेचाळीस सालच्या चैत्रात, केस पांढरे होऊन गेल्यावर. आनंद व्हायला हवा होता. पण त्याला वाटलं ते असं, की कोणीतरी वीस वर्षं दाराबाहेर उभं होतं, आणि आपण आत कडी लावून बसलो होतो.

"आपल्या टाकव्याच्या गेणूचं रान इकायचंय," सरूबाई सांगत होती. "त्यो खडकीच्या कारखान्यात लागलाय, बायकापोरं बी घेऊन चाललाय. वढ्याच्या कडंचं रान हाय, भाताला चांगलं. म्हनला, मावशी, तुमी घेत असाल तर मिरगाच्या आत सांगा, न्हाईतर शेठ लोक आंबं लावायला मागत्याती. लोकाच्या बांधावर लय वाकले, दादा. आता आपल्या रानात वाकून मरावं म्हनते. तू येवढंच सांग, ह्येचं पैसं घेतलं तर ते पान्याखालचं शेत जाईल का? जानार असंल तर मला गेणूचं नगं." अंबाजीने तोंड उघडलं. ओठांवर आलं ते नेहमीचंच. "बघतो," तो म्हणाला. "कंपनीला लिहून विचारतो." ती समाधानाने उठली, पाय धुतले, चूल पेटवली. एवढी पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला विचारून पाहावं लागतं, म्हणजे प्रश्न तसाच मोठा असणार, असं तिला वाटलं असावं.

पुस्तकं. लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात नोकरी करताना त्याला हे वेड लागलं, आणि ते लावलं नसीरच्या रद्दीच्या दुकानाने. मुंबईच्या शेठजींचे बंगले डोंगराच्या कडेने उभे होते. उन्हाळ्यात माणसं येत, पावसात बंगले बंद होत, आणि अधूनमधून एखादा बंगला कायमचाच बंद होई. मग सामानाचा लिलाव व्हायचा आणि पुस्तकं वजनावर नसीरकडे यायची. गूळदाणीच्या, म्हणजे चिक्कीच्या, पुड्या बांधायला तो पानं फाडायचा, पण पैशांवरची पुस्तकं अंबाजीसाठी बाजूला ठेवायचा. "भाऊ, ही लिहिणारी माणसं खरीच श्रीमंत झाली असती तर पुस्तकं लिहीत बसली असती का?" तो दर वेळी विचारायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. अंबाजी पुस्तक काखेला मारून निघायचा. श्रीमंत होण्यासाठी तो वाचत नव्हता. टाकव्याच्या कुळवाड्याचा पोर, इंग्रजी चार इयत्ता शिकून रेल्वेत चिकटलेला. त्याला नवल वाटायचं ते याचं, की पैसा हा पेरण्याचा जिन्नस आहे आणि तो कसा पेरावा यावर माणसं इतक्या गंभीरपणे भांडतात. पहिलं पुस्तक काळ्या चामड्याच्या बांधणीचं होतं. त्यात म्हटलं होतं, सरकारी रोख्यांखेरीज कशालाही हात लावू नका. ज्याने राजाला पैसे उसने दिले त्याला झोप लागते. ते वाचताना अंबाजीला खरोखर शांत झोप लागायची. दुसरं पिवळ्या पुठ्ठ्याचं. ते म्हणे, कंपनी साबण करते की कफन, हे विचारूच नका, फक्त भावाची रेघ काढा, रेघ सगळं बोलते. महिनाभर त्याने पार्सलच्या बिलांच्या पाठीवर रेघा काढल्या आणि त्या डोंगरांच्या कडांसारख्या दिसू लागल्या, घाटातल्या नागफणीच्या सुळक्यासारख्या. तिसरं पुस्तक रेघेला हसायचं. ते म्हणे, कंपनी तोलून पाहा, तिच्याजवळ काय आहे, ती काय पिकवते. बाजार निम्म्या किमतीत विकत असेल तर घ्या, आणि मग लोकांकडे पाठ करून बसा. चौथं सांगे, थोडं थोडं सगळीकडे ठेवा, कारण तुम्हाला काही कळत नाही हे एकदा मान्य करा. हे चौथं त्याला स्वतःसाठीच लिहिल्यासारखं वाटलं. पण खरं म्हणजे प्रत्येकच पुस्तक त्याला शेवटचं पान उलटेपर्यंत पटायचं, आणि दुसरं उघडलं की पहिल्याची लाज वाटायची. आपल्याला स्वतःचं असं मत नाही, हा आपल्या स्वभावातला दोष आहे, असं त्याने फार पूर्वी ठरवलं होतं. ते मात्र त्याचं स्वतःचं मत होतं. त्याचा प्रॉव्हिडंट फंड पोस्टात पडून होता. कुठे ठेवायचा ते ठरवायचं राहून गेलं होतं.

आणि तरी एकवीस साली तो बोलला होता. वीजकंपनीच्या धरणाची भिंत चढत होती. वरच्या अंगाला, आंदर मावळात, सरूचं सासर पाण्यात जाणार होतं. तिचा नवरा हौशीराम इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला होता आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागून फार दिवस झाले नव्हते. भरपाईच्या दिवशी अंबाजी रजा काढून गेला होता. कचेरीच्या ओट्यावर बायका रांगेने बसल्या होत्या. कारकून एकेकीचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबायचा, मग कागदावर, आणि मग तो अंगठा सोडून द्यायचा तेव्हा तो हात काही वेळ तसाच हवेत राहायचा. सरूने अंगठा लुगड्याला पुसला नाही. गाडीत बसेपर्यंत तिने तो बाकीच्या बोटांपासून वेगळा धरला होता. त्या रात्री टाकव्याला, आईच्या घरी, ती नोटांच्या पुडक्याकडे बघत म्हणाली होती, "दादा, हे कुटं ठिवू?" तेव्हा तो तिसऱ्या पुस्तकात होता. कंपनी तोलून पाहा. ही कंपनी त्याने तोललेलीच होती. पाऊस तर मावळात थांबणार नव्हता, आणि मुंबईला दिवे लागायचे थांबणार नव्हते. तो म्हणाला होता, आणि म्हणताना स्वतःच्या आवाजातली खात्री ऐकून घाबरला होता, "त्या कंपनीचेच शेअर घे. तुझ्या शेतावर पाणी घालून ती कमावणार. निदान त्या पाण्यात तुझा वाटा राहील. कागद मात्र जपून ठेव." तिने पुडकं पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "वाटा राहील?" "राहील," तो म्हणाला.

शेअरचे कागद आणून देताच भीती सुरू झाली. चौथं पुस्तक वाचलं ते त्यानंतर, आणि त्यात लिहिलं होतं की सगळे पैसे एका जागी ठेवणारा माणूस गाढव असतो. विधवा बहिणीचे सगळे पैसे. मंदी आली तेव्हा मेलगाडीच्या पहिल्या वर्गात उतारू सोडून जात ती वर्तमानपत्रं तो उचलून आणायचा, भावांचा रकाना उघडायचा, आणि त्या कंपनीची ओळ जिथे असे तिथे आधीच अंगठा ठेवायचा. बाकीचे सगळे भाव वाचायचा. गिरण्या, आगबोटी, साखर; कोणाचं काय झालं ते त्याला पाठ होतं. तेवढी एक ओळ अंगठ्याखाली. दर भाऊबीजेला टाकव्याला जायचा, सरू ओवाळायची, तो ताटात ओवाळणी घालायचा, आणि परतीच्या वाटेवर कामशेतचा डोंगर दिसू लागला की त्याला बरं वाटायचं, की तिने काही विचारलं नाही, की आपल्यालाही विचारावं लागलं नाही. तिच्या देव्हाऱ्यात लाल खणात काहीतरी बांधलेलं असे. ते त्याने पाहिलं होतं. एखादं देवीचं पुस्तक असेल असं त्याला वाटलं होतं, किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं. ज्या बाईने स्वतःच्या कपाळाला पुन्हा कधी बोट लावलं नाही, ती दर वर्षी त्या कागदाला लावत होती.

कंपनीचं उत्तर वैशाखात आलं. सभ्य, आटोपशीर पत्र. नियमाप्रमाणे जुन्या काळातले कागद आता रद्द झाले होते. अलीकडच्यांचे पैसे मिळतील. शेअर विकायचे असल्यास सोबतच्या फॉर्मवर धारकाची सही अथवा अंगठा व एका साक्षीदाराची सही असावी. अंबाजीने पेन्सिलीने हिशेब केला. जे वाया गेलं होतं ते परत येणार नव्हतं, आणि उरलेल्यात गेणूचं रान येत नव्हतं. शेअर विकले तर येत होतं. जुने कागद वटवले असते, तर विकायची वेळच आली नसती. म्हणजे वर्षातून एकदा, ओवाळून झाल्यावर, "सरू, कंपनीकडून काही येतं का गं?" एवढं विचारलं असतं तर. तो पत्र घेऊन नसीरच्या दुकानात गेला. बाजारात उन्हाळी माणसांची गर्दी होती, घोड्यांवर पोरं बसली होती. नसीर पितळेच्या तराजूत वर्तमानपत्रं तोलत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा बायकोला, मेहमुदाला, आत हाक मारून चहा सांगितला. "सांगू नका, भाऊ," तो म्हणाला. "फॉर्मवर अंगठा घ्या, पैसे आणा, बाईंना रान घेऊन द्या. विचारलं तर म्हणा, शेत आहे जागच्या जागी. खोटं काय त्यात? पाण्याखाली आहेच ना ते." "पुढच्या वर्षी कागद येणार नाही," अंबाजी म्हणाला. "ती वाट बघेल." "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. लढाई चाललीय, टपालाचं काय सांगता येतं? जर्मनांनी बुडवलं, म्हणायचं." तो हसला, मग अंबाजीचा चेहरा पाहून हसणं आवरलं. "तुम्हाला नाही जमायचं. तुम्हाला खरंही बोलता येत नाही आणि खोटंही. मेहमुदा म्हणते, भाऊंना विचारलं पाऊस येईल का, तर ते म्हणतात, याबद्दल दोन मतं आहेत."

त्या दिवशी घरी येऊन त्याने पाचवं पुस्तक काढलं. ते एका मोडलेल्या शेठच्या बंगल्यातून आलं होतं, लिलावाचा नंबर अजून मलपृष्ठावर होता. त्यात एक वाक्य होतं, विकत घेतलेल्या वस्तूवर जीव लावू नये, आणि समासात शेठने पेन्सिलीने गुजरातीत लिहिलं होतं, माहीत होतं. पार्सलांवरचे पत्ते वाचून वाचून अंबाजीला गुजराती येत असे. माहीत होतं, बस्स. हा माणूस कुठे गेला असेल, काय विकावं लागलं असेल, कशावर त्याने जीव लावला होता, हे अंबाजीच्या मनात पूर्वी कित्येकदा येऊन गेलं होतं. आज त्याला वाटलं की सगळी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. घेणारा माणूस आधी मोकळ्या हाताने बाजारात आलेला असतो. सरू तशी आली नव्हती. ती आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई होती. तिला कुठे काय ठेवावं हे विचारायचं नव्हतं. जे गेलं ते कुठे आहे, हे ती विचारत होती, आणि तो तिला तिसऱ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण सांगत बसला होता. तो खिडकीशी उभा राहिला. घाटातून वर चढणाऱ्या गाडीला मागून जोर देणारं इंजिन घुमत होतं. इतकी वर्षं हा आवाज ऐकूनही, इंजिन मागे जोडलं आहे हे पुढच्या डब्यातल्या माणसाला कधी कळतं का, असं त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

फॉर्म, शाईची गादी आणि टाक पिशवीत घालून तो टाकव्याला गेला. गेणूचं रान ओढ्याच्या काठाने पसरलं होतं, भाताच्या रोपासाठी राब भाजून काळं झालेलं. सरूने ते त्याला लांबूनच दाखवलं, फार उत्साहाने नाही. "आधी तितं जाऊ," ती म्हणाली. "वैशाखात पानी उतरतं. मी दर साली जाती." गेणूने बैलगाडी जोडून दिली आणि स्वतःच हाकायला बसला. वाटेत तो एकदाच बोलला. "आबा, मावशीला काय त्ये खरं सांगा. मला घाई न्हाई, पर शेठला हाय." मग शेवटपर्यंत बैलांशीच बोलत राहिला.

धरणाचं पाणी मागे हटलं होतं. काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि त्याच्या टोकाला, पाण्यात शिरता शिरता, दगडांची एक वाकडी ओळ दिसत होती. "त्यो आमचा बांध," सरूबाई म्हणाली. "त्येनी रचलेला. ह्या बाजूला आंबेमोहर यायचा." ती काठावर खडकावर बसली. अंबाजीने पिशवीतलं वर्तमानपत्र काढून खाली घातलं आणि तो तिच्या शेजारी टेकला. पाण्यावरून वारा येत होता, त्याला ओल्या मातीचा आणि कुजलेल्या गवताचा वास होता. त्याने हे शेत पाहिलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा तिला आणायला आला होता तेव्हा. हौशीरामने त्याला बांधावरून चालवलं होतं आणि तो घसरून पडला होता, आणि सरू पदरात तोंड लपवून हसली होती. "आता सांग," ती म्हणाली. "इचारून आलास न्हवं?"

डोक्यात पुस्तकं उघडू लागली. एका बाजूने पाहिलं तर. दुसऱ्या बाजूने असंही म्हणता येईल. त्याला नसीरचं वाक्यही आठवलं, आणि ते किती सोपं होतं; शेत जागच्या जागी आहे, सरू, बघ, हा काय बांध दिसतोय. ती त्या बांधाकडेच बघत होती. तिची मान उन्हाने आणि वर्षांनी चामड्यासारखी झाली होती. "शेत गेलंय, सरू," तो म्हणाला. "तू कचेरीत अंगठा दिलास त्याच दिवशी गेलं. हे कागद ठेवून ते राहिलं नव्हतं आणि हे विकून ते जाणार नाही. कागद म्हणजे नुसता कंपनीच्या नफ्यातला वाटा. शेताचा नाही. मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, आणि त्यानंतर दर वर्षी. जुन्या कागदांचे पैसे बुडाले. राहिलेले आणि शेअर विकून गेणूचं रान येईल. पण मग हा कागद पुन्हा येणार नाही."

सगळं बोलून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यात एकदाही 'बहुधा' आलं नव्हतं.  एक बगळा बांधाच्या एका दगडावरून दुसऱ्यावर गेला. गेणूचे बैल मागे घुंगरं हलवत होते. सरूबाई म्हणाली, "वाटा राहील म्हनला व्हतास." "हो." "मग मी इतकी वरसं कशाची पूजा केली?"   ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. तिने लुगड्याचा काचा घट्ट केला आणि ती चिखलात उतरली. भेगांवरून, मग मऊ चिखलातून, घोटाभर बुडत ती बांधापर्यंत गेली, तिथे वाकली, दोन्ही हात दगडांवर ठेवून थोडा वेळ तशीच राहिली, भात लावताना राहते तशी. परत आली तेव्हा तिचा उजवा हात मनगटापर्यंत काळा होता. "आन त्यो कागद," ती म्हणाली.

अंबाजीने फॉर्म मांडीवर पसरला, शाईची गादी उघडली. तिने गादीकडे पाहिलं नाही. चिखलाचा अंगठा तिने रेघेवर टेकवला आणि दाबला, स्वतःच, कोणी धरल्याशिवाय. "सरू, हे वाळलं की पडेल. कंपनी मान्य करणार नाही." "पडू दे. पयला ह्येचा. मग तुज्या शाईचा." तिने डावा अंगठा पुढे केला. त्याने तो धरायला हात उचलला आणि मागे घेतला. तिने शाईत अंगठा बुडवला आणि चिखलाच्या ठशाशेजारी दुसरा उमटवला. मग तो अंगठा तिने लुगड्याला पुसला, सावकाश, नीट. साक्षीदाराची जागा खाली होती. पोस्टातल्या पासबुकाखेरीज पैशाच्या कुठल्याही कागदावर त्याने कधी नाव घातलं नव्हतं. टाक शाईत बुडवून त्याने पूर्ण नाव लिहिलं, अंबाजी बापूजी असवले, राहणार भांगरवाडी, लोणावळा, धारकाचा भाऊ. शेवटचे दोन शब्द फॉर्मने मागितले नव्हते. चिखल ओला होता, कागदाची घडी घालता येत नव्हती. त्याने खाली घातलेलं वर्तमानपत्र उचललं, भावांचं पान वर होतं ते तसंच राहू दिलं, आणि तो त्या दोन ठशांवर वारा घालू लागला. सरूबाई बांधाकडे पाठ करून बसली होती, आणि गेणूला विचारत होती, ओढ्याचं पाणी माघापर्यंत टिकतं का.